न दिलेला नमुना

त्रिशलाचा नमुना सम्मेदने स्वतःच्या हाताने यंत्रात ठेवला. नियमाप्रमाणे घरच्या माणसाचा नमुना त्याने हाताळायला नको होता. पण प्रयोगशाळेतला दुसरा तंत्रज्ञ बहिणीच्या लग्नाला गेला होता, आणि नळीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. तो आकडा कुणाचा हे त्या इमारतीत दोघांनाच माहीत होतं, डॉक्टर रेहाना मुजावर यांना आणि त्याला. तापाने फणफणलेल्या बायकोला त्यानेच सकाळी गाडीतून आणून दुसऱ्या मजल्यावर दाखल केलं होतं. पायऱ्या चढताना ती पोट धरून मधेच थांबली होती आणि म्हणाली होती, "मागच्यासारखंच दुखतंय रे."

मिरजेच्या त्या स्त्री-रुग्णालयात सम्मेद मगदूम नऊ वर्षं काम करत होता. चार वर्षांपूर्वी, म्हणजे २०३७ साली, तिथे वंशवाचक यंत्र आलं आणि ते चालवायचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायला त्यालाच हैदराबादला पाठवलं होतं. तेव्हापासून ते यंत्र म्हणजे मगदूम आणि मगदूम म्हणजे ते यंत्र, असंच सगळे समजत. दर महिन्याला दोन दिवस तो सोलापूरच्या रुग्णालयातलं असंच एक यंत्र तपासून यायचा.

यंत्र काय करायचं हे समजायला अवघड नाही. जंतू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल करतो. नक्कल करताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांमध्ये उतरते. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून घ्यायचे, तेव्हा एका लेखनिकाची चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत यायची आणि नवा लेखनिक तीत आपल्या चुकांची भर घालायचा. अभ्यासक त्या चुका मोजून कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली ते सांगतात. वंशवाचक हेच काम जंतूंवर दीड तासात करायचं. जंतू या शरीरात किती महिन्यांपासून आहे, कुठल्या जातीच्या जंतूपासून तो निघाला आणि आधीच्या मुक्कामात त्याची कुठल्या औषधांशी गाठ पडली, हे सगळं ते सांगायचं. औषध पुरतं घेतलं तर जंतू मरतो. अर्धवट घेतलं तर तो त्या औषधाला पुरून उरायला शिकतो आणि त्या शिकण्याची खूण त्याच्या अक्षरांत राहते.

यंत्राची एकच अडचण होती. त्याला फक्त तपासायला आलेली माणसं दिसत, आणि तपासायला येत त्या बहुतेक बायकाच. कुणी गरोदर असायची, कुणाला मूल होत नसायचं, कुणाचं ओटीपोट दुखत असायचं. पुरुषांना लघवीला आग झाली तर ते औषधाच्या दुकानात जात.

बारा वाजून दहा मिनिटांनी अहवाल आला. गनोरिया. त्रिशलाच्या शरीरातला मुक्काम सुमारे चौदा महिने. नेहमीच्या दोन्ही औषधांना दाद देणार नाही. तिसऱ्या औषधापुढे यंत्राने प्रश्नचिन्ह टाकलं होतं, कारण जंतूत एक असा बदल होता जो आजवर कुठेच नोंदला गेला नव्हता. आणि शेवटी शेरा होता: आधीच्या शरीरात किमान तीन वेळा अपुरा औषधोपचार.

सम्मेदने तो शेरा दोनदा वाचला. त्याला यंत्राने काहीच नवं सांगितलं नव्हतं.

*

हैदराबादला प्रशिक्षणात त्याच्याबरोबर एक बाई होती. दोघांनाही ते प्रेम वाटलं नव्हतं, आणि प्रशिक्षणाबरोबर ते संपलंही होतं. परत आल्यावर आठ दिवसांनी त्याला आग व्हायला लागली. तोवर त्रिशलाशी त्याचा संबंध आलेला होता. काय झालंय हे त्याच्याइतकं नीट मिरजेत कुणालाच कळलं नसतं. स्वतःच्या प्रयोगशाळेत एक नळी दिली असती तर दीड तासात नाव-गाव-औषध सगळं समजलं असतं. पण नळी दिली की नोंद झाली असती, नोंद झाली की बायकोलाही बोलवावं लागलं असतं. तो इचलकरंजीला शाळेतल्या एका मित्राच्या दुकानात गेला आणि सात दिवसांच्या गोळ्या घेऊन आला. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. उरलेल्या गोळ्या त्याने बसस्टँडच्या कचऱ्यात टाकल्या. त्रिशलाला काही सांगितलं नाही. तिला काही होत नव्हतं, म्हणजे तिच्यापर्यंत पोचलं नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. बायकांना बऱ्याचदा काही जाणवतच नाही आणि जंतू आत वर सरकत जातो, हे तो शिकाऊ मुलींना दर वर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवायचा.

आठ महिन्यांनी पुन्हा आग झाली. मधल्या काळात तो दुसऱ्या कुणाकडे गेला नव्हता. म्हणजे त्याने दिलेला जंतू त्रिशलाने त्याला परत केला होता. हेही त्याला त्याच दिवशी कळलं. त्याने दुसऱ्या गोळ्या घेतल्या, पुन्हा तीन-चार दिवस.

त्यानंतर वर्षभराने त्रिशलाला दिवस राहिले. आठव्या आठवड्यात गर्भनलिका फुटली, कारण गर्भ पिशवीत पोचलाच नव्हता, नळीतच अडकला होता. एक नळी काढून टाकावी लागली. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं की नळीला आतून जुने व्रण होते.

"जुने व्रण म्हणजे कशाचे?" त्रिशलाने शुद्धीवर आल्यावर सम्मेदला विचारलं होतं.

"कशानेही होतं गं. कित्येकदा कारण सापडतच नाही," तो म्हणाला होता, आणि ती झोपेपर्यंत तिचा हात हातात घेऊन बसला होता.

त्या ऑपरेशननंतर तिला जी औषधं दिली त्यांत ती बरी झाली असणार. यंत्राने सांगितलेले चौदा महिने नंतरचे होते. म्हणजे ती एकदा वाचली होती आणि सम्मेदने तिला पुन्हा दिलं होतं. मधे सोलापूर सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळेतल्या पद्मजा येमूल या एकट्या राहणाऱ्या बाईशी त्याचं जमलं होतं. तिसऱ्या वेळी आग झाली तेव्हा त्याने त्याच दुकानातून नवीन निघालेली पिवळी कॅप्सूल आणली होती. तीही तीनच दिवस.

*

डॉक्टर रेहानांनी दुपारी त्याला त्रिशलाच्या खाटेशी बोलावलं. त्या पन्नाशीच्या होत्या आणि रुग्णाशी बोलताना नेहमी स्टूल ओढून बसायच्या.

"जंतू हट्टी आहे," त्या म्हणाल्या. "दोन औषधं गेली. तिसरं, ती पिवळी कॅप्सूल, त्याचंच इंजेक्शनही येतं. ते लागू पडेल की नाही यंत्राला सांगता येत नाहीये. त्रिशला, तू ती कॅप्सूल कधी घेतली होतीस?"

"नाही डॉक्टर. मी तर डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही."

"मगदूम, तुम्ही?"

त्रिशला त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ तापाने सुकले होते. सम्मेदने एक क्षणही घेतला नाही. "नाही," तो म्हणाला.

"मग तेच सुरू करते. चौथं एक औषध आहे, पण ते राखून वापरायचं. पुण्याहून मागवायला दोन दिवस जातात, कागदपत्रं लागतात. उगाच कशाला. आणि उद्या सकाळी तुमचा नमुना द्या. हा नवा जंतू आहे, संपर्कातल्या प्रत्येकाची तपासणी सक्तीची आहे."

"देतो ना," सम्मेद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने शौचालयात जाऊन नळी भरली, परत आला, आणि ती बेसिनमध्ये ओतली. आदल्या दिवशी लग्नाआधीच्या तपासणीला आलेल्या एका तरुणाचा नमुना फ्रीजमध्ये शिल्लक होता. तो स्वच्छ आला होता. त्यातला थोडा त्याने आपल्या आकड्याच्या नळीत घातला. सगळ्याला चार मिनिटं लागली. हे इतकं सहज जमलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटत राहिलं.

*

तिसऱ्या दिवशी डॉक्टर रेहाना त्रिशलाशी एकट्या बोलल्या. सम्मेद जेवणाच्या सुट्टीत वर गेला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. ताप तसाच होता.

"तुझा रिपोर्ट क्लीन आला म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"डॉक्टरांनी विचारलं, दुसरं कुणी आहे का. चांगल्या शब्दांत विचारलं. म्हणाल्या, हे घरी कुणाला सांगणार नाही, फक्त त्या माणसालाही औषध द्यावं लागेल." तिने चादर गुडघ्यांवर ओढली. "मी सांगितलं, कुणी नाही. त्यांनी मान डोलावली. पण त्यांचा विश्वास बसला नाही, सम्मेद. मला दिसलं ते."

सम्मेद डब्याचं झाकण उघडत राहिला.

त्रिशला साखर कारखान्याच्या शेती विभागात होती. ड्रोन उडवून उसाचं क्षेत्र मोजायचं, कुठे किती वाढ आहे याचे नकाशे करायचे, हे तिचं काम. तिला अंदाजाने बोललेलं चालत नसे. आता ती स्वतःचीच मोजणी करायला बसली होती.

"मागच्या हंगामात वारणेकाठी तीन दिवस मुक्काम होता, कारखान्याच्या गेस्ट हाउसला. तिथला टॉवेल वापरला होता मी. टॉवेलने होतं का?"

"टॉवेलने नाही होत."

"मग त्या ऑपरेशनच्या वेळी? हत्यारं नीट उकळली नसतील तर?"

तो तज्ज्ञ होता. तसं होत नाही, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर आशेसारखं काहीतरी होतं, आणि तो म्हणाला, "असू शकतं."

"असू शकतं ना?" ती म्हणाली. "मग तसं सांग ना डॉक्टरांना. तुझं ऐकतील त्या."

"सांगतो," सम्मेद म्हणाला. त्याने सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याची आई डबा घेऊन आली. सम्मेदच्या सक्तीच्या तपासणीबद्दल रुग्णालयातून घरी फोन आला होता तेव्हा तिनेच तो उचलला होता. ती खोलीत गेली नाही. जिन्यातच थांबून तिने डबा सम्मेदच्या हातात दिला.

"मी काय विचारत नाही," ती म्हणाली. "पण बाईमाणसाने आठ-आठ दिवस शिवारं पालथी घालत फिरायचं, सगळी पुरुषमाणसं बरोबर. मी तेव्हाच म्हणाले होते. तिची भांडी मी वेगळी ठेवलीत. घरी आणशील तेव्हा तिला कळू देऊ नकोस, तूच वाढत जा."

"आई, असं काही नाहीये."

"तुझा रिपोर्ट चांगला आला ना? मग असं काही नाही म्हणजे काय?"

एवढ्याच एका वाक्याचं उत्तर द्यायचं होतं. सम्मेदने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, "तू जा आता, रिक्षा थांबलीय."

*

पाचव्या दिवशी सोनोग्राफीत दिसलं की उरलेल्या नळीत पू झाला होता. पिवळ्या कॅप्सूलच्या औषधाने काहीही केलं नव्हतं. चार दिवस फुकट गेले होते. डॉक्टर रेहानांनी चौथं औषध पुण्याहून मागवलं आणि सम्मेदला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन दिवसांत ऑपरेशन करावं लागेल. नळी वाचेल असं वाटत नाही. पहिल्याच दिवशी चौथं मागवलं असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "माझा निर्णय चुकला, मगदूम. मी प्रश्नचिन्हाकडे दुर्लक्ष केलं. सॉरी."

त्या माफी मागत होत्या. सम्मेदने ती ऐकून घेतली. "तुमची काय चूक, डॉक्टर," एवढंच तो बोलला, आणि खाली प्रयोगशाळेत येऊन खुर्चीत बसला. 

सहाव्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास यंत्राने घंटी दिली. राज्यातली सगळी वंशवाचक यंत्रं एकाच संग्रहाला जोडलेली होती. कुठेही जुळणारा जंतू सापडला की तो आधी जिथे नोंदला गेला तिथे सूचना यायची. पडद्यावर सोलापूर होतं. स्त्री, वय छत्तीस, प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी, कुठलाही त्रास नाही.

खाली यंत्राने आकृती काढली होती. एक रेघ मिरजेहून निघाली होती, एक सोलापूरहून. दोन्ही मागे जाऊन एका ठिकाणी मिळत होत्या आणि तिथे एक रिकामा गोल होता. शेजारी लिहिलं होतं: या दोघींनी एकमेकींना संसर्ग दिलेला नाही. दोघींना तो एकाच व्यक्तीकडून मिळाला असावा. त्या व्यक्तीचा नमुना उपलब्ध नाही.

नियम असा होता की तंत्रज्ञाने अहवाल पाहून सही केली की तो डॉक्टरांकडे जाई. सही करायला तीन वाजेपर्यंतची मुदत होती. सहीच्या बटणाशेजारी आणखी एक बटण होतं, 'नमुना अपुरा'. ते दाबलं तर जुळणी रद्द होऊन सोलापूरहून नवा नमुना मागवला जायचा, त्यात आठवडा तरी जायचा. तेवढ्यात पद्मजाला गाठून काहीतरी सांगता आलं असतं. गोळ्या देता आल्या असत्या.

गोळ्या. हा शब्द मनात आला आणि सम्मेदने त्या बटणाजवळून हात मागे घेतला. तिलाही काही त्रास नव्हता. त्रिशलालाही चार वर्षांपूर्वी काही त्रास नव्हता.

त्याने सही केली आणि तो जिना चढून वर गेला.

*

"तो रिपोर्ट माझा नव्हता," तो म्हणाला.

त्रिशला खिडकीकडे तोंड करून पडली होती. ती वळली. "कुठला?"

"क्लीन आलेला. नळीत दुसऱ्याचा नमुना होता. मी घातला."

ती उठून बसायला लागली. तो मदतीला पुढे झाला तसा तिने हात आडवा धरला आणि एकटीच बसली.

"म्हणजे मला हे तुझ्याकडून झालं."

"हो."

"कधी?"

त्याने हैदराबाद सांगितलं. तिने महिना विचारला. त्याने महिना सांगितला. गोळ्या किती दिवस घेतल्या ते विचारलं, तेही सांगितलं. ती एकेक तारीख घेऊन पुढे सरकत होती, आणि प्रत्येक तारखेला ती स्वतः कुठे होती, काय करत होती, हे तिला आठवत असणार. पाडव्याला दोघं बाहुबलीच्या डोंगरावर गेली होती. त्याच आठवड्यात दुसऱ्या गोळ्या होत्या.

"माझी ट्यूब फुटली तेव्हा तुला माहीत होतं?"

"संशय होता."

"संशय होता की माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि पहिल्या दिवशी डॉक्टरांनी त्या कॅप्सूलचं विचारलं तेव्हा?"

"घेतली होती."

त्रिशलाने डोळे मिटले. ती बोलली तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "मी चार दिवस इथे पडून आठवतेय, कुणाचा टॉवेल, कुठली बाथरूम. एकदा तर वाटलं, आपल्यालाच काही आठवत नसेल. आपल्या बाबतीत झोपेत काही घडलं असेल आणि आपल्याला कळलं नसेल. इतकं वाटलं मला, सम्मेद. आणि तू समोर बसून मला भात खायला सांगत होतास."

त्याने खाटेशेजारचं स्टूल ओढलं, पण तो बसला नाही.

"आज का सांगतोयस?"

"सोलापूरहून एक नमुना आला. जुळला."

"बाई?"

"हो. पद्मजा येमूल. तिथल्या लॅबमध्ये आहे."

"हा नमुना आला नसता तर सांगितलं असतंस?"

सम्मेदने तोंड उघडलं. हो म्हणावं असं त्याला फार वाटत होतं. पण ते खरं आहे की नाही हेच त्याला माहीत नव्हतं, आणि आता कधी कळणारही नव्हतं.

"राहू दे," त्रिशला म्हणाली. "तिला माहीत आहे?"

"अजून नाही. अहवाल डॉक्टरांकडे जाईल, मग तिकडे, मग तिला बोलावतील. दोन-चार दिवस जातील."

"तिला ताप आहे? पोट दुखतं?"

"नाही. काही नाही."

"मग तिचं अजून वाचेल. फोन लाव."

त्याने फोन लावला. पलीकडे घंटी वाजली आणि पद्मजाचा मोकळा, हसरा आवाज आला, "बोला मगदूम सर! आज दुपारचीच आठवण?"  त्रिशलाने हात पुढे करून फोन घेतला.

"पद्मजाताई, मी त्रिशला मगदूम बोलतेय. सम्मेदची बायको."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"भांडायला फोन नाही केला. मला तेवढी ताकदही नाहीये, मी दवाखान्यात आहे. नीट ऐका. परवा तुमची तपासणी झाली ना? तिच्यात गनोरिया निघालाय. माझ्यातही तोच आहे, दोघींना एकाच ठिकाणाहून आलाय. गोळ्या घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. साध्या औषधांनी तो जात नाही. चौथ्या नंबरचं इंजेक्शन म्हणून आहे, तुमच्या डॉक्टरांना तेच मागवायला सांगा. आजच सांगा. माझ्या बाबतीत उशीर झाला. उद्या माझी दुसरी नळी काढतायत."

 मग पद्मजा म्हणाली, आणि ते सम्मेदलाही ऐकू आलं, "मला म्हणाले होते, तुम्ही वेगळे राहता."

"नाही," त्रिशला म्हणाली. "आम्ही एकत्र राहतो." मग तिने फोन बंद केला, चादरीवर ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टरांना तू सांग. आईंनाही तूच सांग. माझ्यासमोर नको. मला ते बघायचं नाही."

*

डॉक्टर रेहानांनी सगळं उभ्याने ऐकलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मी त्या मुलीला विचारलं होतं, दुसरं कुणी आहे का. मी विचारलं होतं तिला." त्या स्वतःशीच बोलत होत्या. मग त्यांनी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. "हे लेखी द्या. औषधांच्या तारखांसकट."

आईला त्याने फोनवर सांगितलं. ती पहिल्यांदा म्हणाली, "बायकोला वाचवायला खोटं बोलतोयस." त्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "मी तिची भांडी वेगळी ठेवली रे." दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली आणि या वेळी थेट खोलीत गेली. आत काय बोलणं झालं ते सम्मेदला कुणी सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं. नळी वाचली नाही. त्रिशला बरी झाली. दवाखान्यातून ती जयसिंगपूरला बहिणीकडे गेली आणि तिथूनच कामावर जायला लागली. घरातलं तिचं सामान न्यायला बहिणीचे यजमान आले होते. आईने स्वतः सगळं बांधून दिलं. वकिलाचं पत्र महिन्याभराने आलं. सम्मेदने त्यावर जिथे सांगितलं तिथे सही केली.

पद्मजाला वेळेवर इंजेक्शन मिळालं आणि ती पूर्ण बरी झाली, हे त्याला डॉक्टर रेहानांकडून कळलं. तिने स्वतः त्याला कधी फोन केला नाही. सम्मेदची नोकरी गेली. तंत्रज्ञाचा परवाना दोन वर्षांसाठी रद्द झाला. इचलकरंजीच्या मित्राचं दुकानही चौकशीत अडकलं. सम्मेद आता कुपवाडला एका गोदामात नोंदी करायचा.

सम्मेदलाही तेच चौथं औषध दिलं होतं, आणि त्या उपचारानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची असते. त्यासाठी सम्मेद सुट्टी काढून मिरजेला आला. ज्या इमारतीत मागच्या दाराने जायची त्याला सवय होती तिच्या पुढच्या खिडकीवर त्याने नाव सांगितलं, रिकामी नळी घेतली आणि व्हरांड्यातल्या बाकांकडे वळला. सगळ्या बाकांवर बायका बसल्या होत्या. तो भिंतीशी उभा राहिला तेव्हा हिरव्या साडीतल्या एका तरुण बाईने सरकून जागा केली.

"बसा की दादा. वहिनींना आणलंय काय?"

"नाही," सम्मेद म्हणाला. "माझीच तपासणी आहे."

तिने त्याच्या हातातल्या नळीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. तिचा चेहरा उजळला.

"बघा, अशी माणसं पण असतात," ती शेजारणीला म्हणाली. मग सम्मेदकडे वळून आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, माझी दुसरी खेप आहे. औषध घेऊन बरी होते आणि पुन्हा होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, मालकांना आणा. ते काही केल्या येत नाहीत. म्हणतात, मला काय धाड भरलीय? तुम्ही जरा बोलाल का त्यांच्याशी? बाईमाणसाचं ऐकत नाहीत हो ते. तुमच्यासारख्या चांगल्या माणसाचं ऐकतील."

सम्मेदला उठून निघून जावंसं वाटलं. मी चांगला माणूस नाही, असं सांगावंसं वाटलं. पण ती तोवर नंबर लावून मोकळी झाली होती आणि तिने फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे कुठलं तरी यंत्र चालत होतं. त्या आवाजातून एका पुरुषाचा वैतागलेला आवाज आला, "काय आहे? कोण बोलतंय?"

सम्मेदने बाकावर शेजारी बसलेल्या त्या बाईकडे एकदा बघितलं. ती आशेने त्याच्याकडे बघत होती.

"मी सम्मेद मगदूम," तो म्हणाला. "तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या बायकोलाही असंच झालं होतं आणि मीही तपासायला आलो नव्हतो. पुढे काय झालं ते सांगतो. फोन ठेवू नका."

शेजारच्या बाईचा चेहरा बदलत गेला. ती हळूहळू बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. सम्मेद बोलत राहिला. पलीकडचं यंत्र थांबलं होतं.